डावं पेडल

सासू: हे पेडल काही निघत नाही. आतून गंजलंय.

सून: उजवं तर चटकन निघालं.

सासू: उजवं शहाणं आहे. डावं हट्टी. प्रत्येक घरात एक असतंच तसलं.

सून: पाना नीट बसलाय ना? जरा जोर लावून बघा.

सासू: जोर लावतेच आहे. जितका लावावा तितकं घट्ट होतंय. तुझ्या नवऱ्याची सायकल त्याच्याच वळणावर गेलीय, ओढायला गेलं की आडून बसते. राहू दे पेडल जागच्या जागी. तसंच बॅगेत घालू.

सून: मावणार नाही. दोन्ही पेडलं काढलेली असणार, असं धरून तुम्हीच बॅग बेतलीत.

सासू: मग एका बाजूनं उसवते.

सून: आज? आई, संध्याकाळी गाडी येणार आहे मला न्यायला.

सासू: माहीत आहे गाडी येणार आहे. सकाळपासून शंभरदा सांगून झालंय.

सून: बरं, पेडल शेवटी बघू. आधी बाकीचं उरकू. टायरमधली हवा सोडा.

सासू: सगळी?

सून: सगळी नको. अंगठ्यानं दाबल्यावर टायर दबला पाहिजे, इतपत.

सासू: आणि तू काय करतेयस? सायकल तुझ्या नवऱ्याची, विमानात बसणार तू, आणि तेलानं काळे हात कुणाचे, तर माझे. राणीसाहेब पलंगावर मांडी घालून हुकूम सोडतायत.

सून: प्रवासाची हीच एक पॅन्ट बाहेर ठेवलीय. डाग पडला तर तुम्हीच ओरडाल.

सासू: डाग काढता येतो. मी शिंपी आहे, डागाचं भय मला दाखवू नकोस.

सून: मनगट दुखलं की सांगा. थांबू आपण.

सासू: दवाखान्यातला आवाज लावू नकोस माझ्याशी. ‘मूठ आवळा, थोडं टोचेल.’ सगळं शहर तुझ्यासमोर बाही वर करून बसतं, मी नाही बसणार. ही बघ, सोडली हवा. पुढे?

सून: आता सीट. वाकड्या चावीनं खालचा स्क्रू सैल करा आणि दांडी वर ओढा. पण त्याआधी दांडीवर चिकटवलेल्या रंगीत टेप बघून ठेवा, म्हणजे परत बसवताना उंची चुकत नाही. निळी माझी.

सासू: आणि ही लाल?

सून: लाल कुणाची हे मला विचारताय?

सासू: काढून टाकते ती. तिथं त्याला दिसली तर विचारेल, एवढ्या खाली कोण बसत होतं म्हणून.

सून: राहू दे.

सासू: अगं, शाळेतल्या पोराची उंची वाटते ही.

सून: ‘दोन्ही पाय जमिनीला टेकले तरच चढेन, नाहीतर तुझी सायकल तुला लखलाभ.’ हे कोण म्हणालं होतं?

सासू: माझ्या वयाला शोभेल तेच बोलले मी.

सून: आणि पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात पहिल्यांदा नेलं, तेव्हा काय सांगून नेलं होतं, आठवतं?

सासू: वॉचमनची पॅन्ट पोचवायची होती. आखूड करून दिली होती मी.

सून: ती पॅन्ट दोन दिवसांनीही पोचवता आली असती. मुद्दाम त्या दिवशी काढली मी. हातात काही पोचवायचं असल्याशिवाय तुम्ही घराबाहेर पडेनात.

सासू: काम असेल तर माणूस बाहेर जातं. उगाच कशाला हिंडायचं?

सून: तळ्याकाठी बसायला चला म्हटलं, तर वाटेत कुणाचा तरी पडदा द्यायचाय म्हणून आलात. तो माणूस घरी नव्हता. तासभर पडद्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलात. तळ्याकडे नाही, पिशवीकडे बघत.

सासू: पडदा महागाचा होता. ही सीटची दांडी निघाली. कुठं ठेवू?

सून: कापडात गुंडाळा आणि बाजूला ठेवा. फ्रेमच्या खालच्या नळीला बांधायची नंतर. आता चेन मागच्या सगळ्यात लहान चक्रावर आणा. पेडल एका हातानं फिरवा, दुसऱ्या हातानं गिअर टाका.

सासू: फिरतंय. आली. आवाज बरा येतोय, मशीनसारखा.

सून: आता चाकं. पुढचं आधी. ब्रेक सुटा केलात का?

सासू: केला. निघालं बघ. हे चाक काढणं मला आवडतं. लगेच निघतं, वाद घालत नाही.

सून: चाक काढलं की पुढचा चिमटा उघडा पडतो. त्याच्या दोन टोकांमध्ये काहीतरी टणक अडकवायला हवं, नाहीतर बॅगेवर दुसरी बॅग पडली की चिमटा दाबला जातो. मग तो सरळ करता येत नाही. दुकानात त्यासाठी प्लास्टिकचा तुकडा मिळतो, आणायचा राहिला.

सासू: केवढा हवा?

सून: चाकाच्या मधल्या भागाएवढा. एवढा, चार बोटांपेक्षा थोडा जास्त.

सासू: मशीनच्या खणात जुनं लाकडी रीळ आहे. दोरा कधीच संपला, पण टाकवलं नाही. हे घे. बघ, कापून बसवल्यासारखं बसलं.

सून: हातानं दाबून बघा.

सासू: जराही हलत नाही. सासऱ्यांच्या वेळचं रीळ हे. त्यांनीही परदेश बघितला नव्हता, रीळ जाईल.

सून: आई, फोन वाजतोय. तोच आहे. स्पीकरवर ठेवते.

मुलगा: काय गं, झाली का सायकल पॅक? मी घाईत आहे, पाच मिनिटंच आहेत.

सून: चाललंय. चाकं काढतोय.

मुलगा: तू काढतेयस ना? आईला हात लावू देऊ नकोस. एकदा मनगट मोडून घेतलंय जिन्यात पडून.

सासू: जिन्यात. हो.

मुलगा: आई, ऐकतेयस होय. बरी आहेस ना? बघ, सायकलच्या भानगडीत पडू नकोस, तुला त्यातलं काही कळत नाही. आणि हिला सांग, डावं पेडल उलट्या बाजूनं उघडतं. सगळे तिथंच फसतात. नेहमीसारखं डावीकडे फिरवत बसलं की आणखी आवळलं जातं.

सासू: असं होय.

मुलगा: हो, नाहीतर चालवता चालवता पायानंच सैल होऊन पडलं असतं ना. आणि मागचा गिअर नीट गुंडाळा, तो सगळ्यात नाजूक. इथं रस्ते बघितलेस ना तर वेडी होशील आई, नदीच्या कडेनं नुसत्या सायकलींसाठी वाट आहे. मी रोज बघतो आणि म्हणतो, माझी सायकल हवी होती.

सासू: येतेय ती. जेवलास का?

मुलगा: जेवतो आता. तूही यायचंस, आई. किती वेळा सांगितलं. पासपोर्ट काढून खणात ठेवलायस.

सासू: बघू रे.

मुलगा: तुझं ‘बघू’ म्हणजे नाही. मला ठाऊक आहे. बरं, ठेवतो. गिअर गुंडाळा.

सून: ठेवला त्यानं.

सासू: आवाज बसलाय त्याचा. सर्दी असणार. तू गेलीस की बघ.

सून: ‘असं होय’?

सासू: काय?

सून: डावं पेडल उलटं उघडतं, असं तो म्हणाला. आणि तुम्ही म्हणालात, ‘असं होय’. जसं काही आयुष्यात पहिल्यांदा ऐकलंत.

सासू: पोराचं मन राखावं लागतं.

सून: मैदानात हेच पेडल गळून पडलं होतं, तेव्हा मी इकडून तिकडून फिरवत बसले होते. तुम्ही माझ्या हातातून घेतलंत, दोन वेळा निरखलंत आणि म्हणालात, ‘याचे आटे उलटे आहेत गं.’ आणि बसवून दिलंत.

सासू: असेल.

सून: मग सकाळपासून तुम्ही ते आवळत होता.

सासू: आवळत होते.

सून: मुद्दाम.

सासू: मुद्दाम काय. हात आपोआप गेला तिकडे. पहिल्यांदा चुकूनच गेला, खरं सांगते. मग ध्यानात आलं आणि तरी फिरवत राहिले. म्हटलं निघालं नाही तर सायकल इथं राहील. सायकल राहिली तर तो तुला म्हणेल, एवढी राहिलीच कशी, थांब दोन दिवस, दुकानात नेऊन काढून घे. असं काहीतरी. बाईमाणूस काहीही विचार करतं.

सून: विमान पेडलासाठी थांबत नाही, आई.

सासू: तेवढं कळतं मला. कळलं म्हणून हात थांबतो का?

सून: इकडे या. बसा जरा.

सासू: नको, तेलाचे हात आहेत. तुझी पॅन्ट.

सून: पॅन्ट राहू दे. बसा.

सासू: तो गेला, तेव्हा मी रडले नव्हते. तुला आठवत असेल. लग्न होऊन तीनच महिने झाले होते तुमचं. तो गेला आणि तू आणि मी या घरात उरलो. फलाटावर वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघणारी माणसं असतात ना, तशा. तू म्हणायचीस, ‘आई, मी आले.’ मी म्हणायचे, ‘हं.’ झालं बोलणं.

सून: मी स्वयंपाकघरात यायचे, तर तुम्ही बाहेर जायचात.

सासू: तुला अवघड वाटू नये म्हणून.

सून: मला वाटायचं, माझं तोंड बघायचं नाही तुम्हाला.

सासू: बघ म्हणजे. आणि मग तू ती त्याची सायकल काढलीस धूळ झटकून. कामावरून यायचीस आणि खाली फाटकाशी घंटी वाजवायचीस. पहिल्यांदा मला वाटलं, गॅसवाला आलाय.

सून: तुम्ही खिडकीतून ओरडलात, ‘आज नको, सिलिंडर भरलेला आहे.’

सासू: सगळी गल्ली हसली. मग मला सवयच लागली त्या घंटीची. संध्याकाळ व्हायला लागली की मशीनवर पाय हळू चालवायचे, आवाज कमी व्हावा म्हणून. घंटी ऐकू यावी म्हणून. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी माझा एक कान खाली. तो गेला तेव्हा घर मोठं झालं नव्हतं गं. आता होईल.

सून: मला माहीत आहे.

सासू: नाही, तुला नाही माहीत. तुझं वय नाही ते माहीत असण्याचं. तू नवऱ्याकडे चाललीयस, चांगलंच आहे, मीच म्हटलं जा. त्यानं तरी किती दिवस एकट्यानं काढायचे. पण मला हवी आहेस तू. हे एकदा बोलून टाकते आणि उठते.

सून: बोला की आणखी.

सासू: नको. सायकल राहिलीय.

सून: मग माझंही ऐका. मी त्याला तीन महिने ओळखते. फोनवर ओळखते ते धरत नाही, फोनवर तो नेहमीच घाईत असतो. आणि तुम्हाला दोन वर्षं ओळखते. तुम्ही चहात साखर किती घालता, झोपेत कूस बदलताना काय पुटपुटता, कुणाचं काम मनाविरुद्ध घेतलं की मशीनचा आवाज कसा येतो, सगळं येतं मला. त्याला रात्री थंडी वाजते का, हेही नाही येत. मला जायचंय, आई. मलाच जायचंय. पण भीती वाटते. तिथं दार उघडून आत गेल्यावर ‘आई, मी आले’ असं तोंडातून निघेल आणि आत कुणी नसेल.

सासू: थंडी वाजते त्याला. पायात मोजे घालून झोपतो. सांगू नकोस मी सांगितलं म्हणून.

सून: नाही सांगत.

सासू: ऊठ आता. उगाच डोळे लाल करून विमानात बसशील. बघ, हे डावं पेडल. उलटीकडे फिरवलं. निघालं.

सून: चटकन निघालं.

सासू: बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पुढे काय?

सून: मागचं चाक. मग गिअरचा लोंबणारा भाग सोडवून फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि आत फ्रेमलाच बांधा, बाहेर काही राहायला नको.

सासू: प्लास्टिक नको, तो फुटफुट आवाज मला सहन होत नाही. कोटाच्या खांद्यात घालते ते पॅड आहेत माझ्याकडे. दोन बाजूंनी दोन लावते आणि नाडी बांधते. झालं. खांदे आले बघ तुमच्या गिअरला.

सून: हे कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

सासू: हँडल?

सून: पुढचे स्क्रू सैल करून काढा, आणि फ्रेमच्या बाजूनं समांतर बांधा. वायरी ओढल्या जाणार नाहीत एवढं बघा. नळ्यांना त्या फोमच्या पन्हळी चढवा.

सासू: घंटी काढून ठेवू का?

सून: कशाला?

सासू: रुतेल कुठंतरी. बॅगेला भोक पडेल.

सून: गोल आहे ती, आई.

सासू: गोल असली म्हणून काय झालं. राहू दे इथं खणात. त्याला तिथं दुसरी मिळेल.

सून: काढा. ठेवा खणात.

सासू: विचारलं एवढ्यासाठी की वस्तू तुझी आहे.

सून: काढा म्हटलं ना.

सासू: काढली. स्क्रू कुठं ठेवू सगळे? हे बारके हरवतात.

सून: एका पुरचुंडीत बांधून फ्रेमला घट्ट लावा. वेगळ्या खिशात ठेवले की विसरतात.

सासू: बटणांची पिशवी घेते. हं. आता ही फ्रेम आत. जड नाही फारशी. चाकं दोन्ही बाजूंना?

सून: दोन्ही बाजूंना, मधे पुठ्ठा. चाकाच्या मधल्या टोकानं फ्रेमला घासायला नको. आता झिप लावा.

सासू: लागली. अगदी अंगासरशी बसली. शिवणीत आत माया ठेवलीय, पुढे कधी मोठी सायकल घेतलीत तर उसवून वाढवता येईल. तळाला ताडपत्रीचं दुहेरी कापड आहे, घसटलं तरी फाटणार नाही. आतलं अस्तर आपल्या जुन्या रजईचं. निळ्या फुलांची, तुझ्याच पलंगावरची.

सून: ओळखली मी.

सासू: धर. खांद्याला लावून बघ कशी वाटते.

सून: लावते. आई, पट्टा आखूड होतोय. बॅग पार काखेत येतेय माझ्या.

सासू: आखूड कसा होईल? मापून शिवलाय. आण इकडे. हे बघ, मला तर बरोबर बसतोय.

सून: कुणावर मापला होतात?

सासू: कुणावर म्हणजे? तू होतीस ड्यूटीवर. घरात होतं कोण? मी आरशासमोर उभी राहिले, टेप खांद्यावरून घेतली आणि… अगं बाई. जन्म गेला लोकांची मापं घेण्यात. माझ्याएवढा पट्टा शिवून बसले. दे, उसवते आणि जोड देते. मशीनवर पटकन होईल.

सून: नका उसवू.

सासू: अगं, खांदा भरून येईल तुझा विमानतळावर.

सून: माझा नाही येणार. मी ती नेत नाहीये.

सासू: काय नेत नाहीयेस?

सून: बॅग. सायकल. दोन्ही इथंच राहणार.

सासू: डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सकाळपासून माझं कंबरडं मोडलं.

सून: सकाळपासून तुम्ही शिकत होता. मी एका स्क्रूला हात लावला का? नुसतं तोंडानं सांगितलं. पॅन्टचं निमित्त होतं.

सासू: शिकून मी काय करू?

सून: पॅक कराल. आणि घेऊन याल.

सासू: मी नाही म्हटलंय. त्याला, तुला, दोघांना.

सून: आम्ही ‘या’ म्हटलं, तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. नुसतं ‘या’ म्हटलं की तुम्ही कोपऱ्यावरसुद्धा येत नाही. काहीतरी पोचवायचं असलं की गावाच्या दुसऱ्या टोकाला जाता. त्याला त्याची सायकल हवीय. मी नेली तर तुमच्याजवळ पोचवायला काही उरत नाही. मग तुमचं ‘बघू’ चालू राहील, आणि मी तिथं फोनवर वाट बघत बसेन. म्हणून नेत नाही.

सासू: म्हणजे मला गड्याचं काम देतेयस.

सून: हो.

सासू: ही वॉचमनची पॅन्ट आहे होय?

सून: जरा मोठी आहे.

सासू: आणि तिथं येऊन काय करू मी? तुम्ही दोघं सकाळी कामावर. मी खिडकीत बसून लोकांची छपरं मोजू? कुणी फिरवायला नेईल तेव्हा जायचं, आणेल तेव्हा यायचं. इथं मला विचारणारं कुणी नाही, पण मला कुणाला विचारावंही लागत नाही.

सून: ठाऊक आहे मला. तुम्हाला भय आहे ते याचंच. विमानाचं नाही. म्हणूनच सायकल. सीट लाल टेपवर लावायची आणि नदीच्या कडेनं निघायचं. कुणाला विचारायचं नाही.

सासू: माझे पाय टेकतील का तिथं?

सून: जमीन तिथंही तेवढ्याच उंचीवर असते.

सासू: चेष्टा करू नकोस.

सून: चेष्टा नाही. आणि तोवर सायकल तुमची. रोज सकाळी मैदानात जायचं. मी नसले तरी. पिशवी न घेता.

सासू: त्याला काय सांगशील? तो विमानतळावर उभा असेल सायकलीची वाट बघत.

सून: सांगेन, सायकल आईबरोबर येतेय.

सासू: आणि मनगटाचं?

सून: ते तुम्ही सांगायचं. जिन्यातून पडले नव्हते, सायकलवरून पडले होते, हे त्याला नदीकाठी उभं करून सांगा.

सासू: शाळांचे गणवेश यायचेत अजून. ते टाकून निघता येणार नाही.

सून: गणवेश झाले की या.

सासू: गणवेशांनंतर पडदेवाले सुरू होतात.

सून: पडद्यांशिवाय लोक काही दिवस राहू शकतात. मी नाही राहू शकत.

सासू: असं बोलतेस आणि मग संध्याकाळी निघून जाणार.

सून: हो. निघून जाणार.

सासू: मग सायकल राहून काय, तू नाहीस तर?

सून: तुम्ही आलात की असेन. ती घंटी काढा खणातून. जागच्या जागी लावा.

सासू: लावते. बाकीचं?

सून: बाकीचंही. सगळं बाहेर काढायचं, सायकल पुरती उभी करायची, आणि मग परत एकदा भरायची. या वेळी एकट्यानं. मी बोलणारसुद्धा नाही. गाडी यायच्या आत मला बघायचंय.

सासू: दवाखान्यात पण अशीच छळतेस का लोकांना?

सून: तिथं कमी.

(सासू बॅगेची झिप उघडते आणि सायकलीचे भाग एकेक करून जमिनीवर मांडते.)

सासू: पाना दे तो. तुझ्या पायाशी आहे.

सून: घ्या.

सासू: उजवं बसलं. आता हे. डावं उलटं ना?

सून: बोलणार नाही म्हटलंय मी.

सासू: माहीत आहे मला ते. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

सून: डावं उलटं, आई.